बडोद्याचे अर्थपंडित

२० जुलै १९०८ रोजी सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. संस्थानातील व्यापारउदिमास भांडवल मिळावे हा त्यामागील हेतू. पुढे ह्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर एक बुद्धिमान विद्यार्थी केंब्रिजला गेला. इंद्रप्रसाद गोर्धनभाई पटेल हे त्याचे नाव. १९४९ साली ते बडोद्यास परतले, अध्यापन करू लागले. पण लवकरच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने व त्यानंतर दिल्लीच्या अर्थ मंत्रालयाने त्यांना बोलावून घेतले.

जुलै १९६९ मध्ये पटेल आर्थिक व्यवहार खात्याचे सचिव होते. मोरारजी देसाई अर्थखात्यातून दूर झालेले. इंदिरा गांधींनी पटेलांना पाचारण केले आणि बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा मसुदा, मंत्रिमंडळासाठी टिपण व नभोवाणीवरील भाषण एका दिवसात तयार करण्यास सांगितले. निर्णय राजकीय होता. तो बदलणे सचिवाच्या हाती नव्हते. तरीही पटेलांनी दोन सूचना केल्या : परदेशी बँकांना हात लावू नये आणि देशी बँकांपैकी मोठ्याच तेवढ्या घ्याव्यात. दोन्ही मान्य झाल्या. १९ जुलैच्या वटहुकुमाने १४ बँका सरकारच्या झाल्या. त्यांत बँक ऑफ बडोदाही होती. तिला एकसष्ट वर्षे पूर्ण होण्यास एकच दिवस उरला होता! ज्या संस्थानाने शिकविले, त्याच्याच बँकेचे स्वामित्व पालटणारा कागद पटेलांच्या हातून लिहिला जावा, हा दैवाचा विलक्षण योग होय.

१९७७ च्या अखेरीस ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. जानेवारी १९७८ मध्ये सरकारने एक, पाच व दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. काळा पैसा नोटांच्या रूपाने क्वचितच साठविला जातो, हे त्यांचे मत होते. ते त्यांनी अर्थमंत्र्यांपासून लपविले नाही. मात्र निर्णयाची अंमलबजावणी चोख केली.

पुढे अहमदाबादची व्यवस्थापन संस्था आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांची धुरा त्यांनी वाहिली. १९९१ साली नरसिंह रावांनी देऊ केलेले अर्थमंत्रिपद मात्र त्यांनी नाकारले आणि बडोद्यातच राहणे पसंत केले. १७ जुलै २००५ रोजी ते निवर्तले.

राज्यकर्त्यास अप्रिय सत्य सांगावे, निर्णय झाल्यावर तो निष्ठेने पार पाडावा आणि सत्तेचे आसन समोर आले तरी मोह धरू नये, ही चाल कारभारात दुर्मिळ. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची याहून चांगली परतफेड ती कोणती?