मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि गहाण पडलेले दागिने

बचत गटात डोळ्यासाठी कर्ज मागायला बाई आली, की पहिला शब्द येतो ‘लेझर’. बिनटाक्याच्या ऑपरेशनला आपण सरसकट लेझर म्हणतो. बहुतेकदा त्यात लेझर नसतोच, आवाजाच्या लहरींनी मोतीबिंदू फोडून काढतात. खर्च ऐकला की बाई म्हणते, ‘राहू दे, सुगीनंतर बघू.’

या खर्चाची एक जुनी गोष्ट सांगतो. तामिळनाडूत मदुराईला डॉ. जी. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झालेली. पैशासाठी घर गहाण पडलं, दागिनेही. दागिने कुणाच्या अंगावरचे, हे आपल्याला सांगायला नको. रीत अशी, की ऐपत असेल त्यानं पैसे भरावेत, त्यातूनच गरिबाचं फुकट व्हावं. खेड्यातल्या मुलींना कामात तयार केलं; डॉक्टरांचा वेळ वाचला, खर्च उतरला.

अडलं ते भिंगापाशी. परदेशी भिंग १०० डॉलरच्या घरात, म्हणून गरिबाला जाड चष्माच. १९९२ साली त्यांच्या ऑरोलॅबनं भिंग इथंच बनवलं, ते १० डॉलरच्या आसपास आलं.

सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ सालचाच. त्यातून जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासकट मोफत होतं. म्हणून आमच्या गटात आता अर्ज लिहिण्याआधी तिथला तपासणीचा दिवस विचारतो. कर्ज लागलंच, तर एसटीच्या तिकिटापुरतं आणि सोबत जाणारीच्या बुडालेल्या मजुरीपुरतं.