तळटीप : श्वासमापनातील वंशाची सूट

* लेखकाने ज्या अमेरिकी कोष्टकाचा हवाला दिला आहे, त्यात वय, उंची व लिंग यांच्या जोडीला वंशही धरला जाई. आणि कृष्णवर्णीय मुलाचे अपेक्षित मान १०-१५ टक्क्यांनी उतरवण्याचा हा दस्तूर, ज्याचे मूळ गुलामांची फुप्फुसे उपजतच दुबळी ठरविणाऱ्या कार्टराइट या दक्षिणेतील डॉक्टरापर्यंत पोहोचते, इतका अंगवळणी पडला होता की, पहिल्या सेकंदाचा जो उच्छ्वास गोऱ्या मुलाच्या मानाने ७५ टक्केच भरे, तो १५ टक्क्यांची सूट मिळताच ८८ वर चढून ८० ची रूढ मर्यादा ओलांडी, व दम्याची शंका कागदोपत्री निकालात निघण्याचा संभव राही. धूर, दारिद्र्य, कोंदट घरे यांची बाकी वंशाच्या खाती मांडणारी ही वहिवाट शास्त्र म्हणवून घेण्यास पात्र नव्हती. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ साली वंशनिरपेक्ष समीकरणांची शिफारस केली. — संपादक