पिशव्या कोण सांभाळणार?

आमच्या घराण्यात एक गोष्ट गेली तीसेक वर्षं सांगितली जाते. १९९३ सालचा मे महिना. डोंबिवलीहून गाड्या बदलत बोरिवली, तिथून गोराईची लाँच आणि मग एसेल वर्ल्ड. आईने धपाटे, दही आणि दोन वॉटरबॅगा घेतलेल्या. तिथे म्हणे दादा आणि मी रोलर कोस्टरमध्ये बसलो. उतरल्यावर दादा पांढराफटक पडला होता आणि मी, वय वर्षं नऊ, हसत हसत "अजून एकदा!" म्हणत होते. लग्नकार्यात, बारशात, दादाला चिडवायचं असेल तेव्हा ही गोष्ट निघतेच. माझ्या लेकीलाही ती तोंडपाठ आहे.

मंडळी, ही गोष्ट खोटी आहे. पण ते सविस्तर शेवटी सांगते. आधी जरा इतिहास, कारण गेल्या उन्हाळ्यात लेकीची उंची ५४ इंचांच्या वर गेली आणि त्यापायी मला या विषयात डोकं घालावं लागलं.

५४ इंच अशासाठी की न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या 'सायक्लोन' या रोलर कोस्टरमध्ये बसायला किमान तेवढी उंची लागते. शाळेतल्या मैत्रिणीकडून लेकीला हे कळलं आणि आमच्या न्यू जर्सीच्या घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा सुरू झाल्या. "आई, तू तर लहानपणीच बसली होतीस ना, मग आपण दोघी बसू," हे तिने परस्पर ठरवूनही टाकलं. आता आली का पंचाईत! मला भीती वाटली की मी त्या विषयावर वाचत बसते. अभ्यास केला की भीती जाते असा माझा समज आहे. (जात नाही.)

तर या खेळाचं मूळ रशियात आहे. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडाचे उंच मांडव बांधून त्यांच्या उतारावर पाणी ओतायचे. ते गोठलं की झाली बर्फाची घसरगुंडी तयार. काही तर सत्तर-ऐंशी फूट उंच असायच्या. दरबारी लोकांपासून बाजारातल्या माणसांपर्यंत सगळे त्यावरून घसरायचे. पुढे हे वेड फ्रान्सला गेलं. तिथे तसा बर्फ नाही, म्हणून गाड्यांना चाकं आली. १८१७ साली पॅरिसमध्ये अशा दोन घसरगुंड्या सुरू झाल्या. गाडी सुटून जाऊ नये म्हणून तिची चाकं रुळात अडकवलेली असत. गंमत म्हणजे फ्रेंच आणि स्पॅनिश भाषेत रोलर कोस्टरला आजही 'रशियन डोंगर' म्हणतात, आणि खुद्द रशियन लोक त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात! पोटात गोळा आणणारी वस्तू आपली नव्हे, शेजाऱ्याची, असं म्हणण्याची पद्धत जगभर दिसते.

अमेरिकेतली सुरुवात मात्र चक्क कोळशातून झाली. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाचं गाव होतं. तिथल्या डोंगरावरच्या खाणीतून कोळसा खाली नदीपर्यंत आणायला १८२७ साली रूळ टाकले. उतार असल्यामुळे भरलेल्या गाड्या आपोआप खाली यायच्या. रिकाम्या गाड्या वर ओढून न्यायला खेचरं, आणि ती खेचरंही खाली येताना गाडीत उभी राहून यायची. थोड्याच दिवसांत त्यांना याची इतकी सवय झाली म्हणे, की पायी उतरायला ती तयारच होईनात. (आमच्या सोसायटीत लिफ्ट आली तेव्हा दुसरं काय झालं होतं?) पुढे कोळशासाठी त्या रुळांची गरज उरली नाही, तेव्हाही तिथे पैसे देऊन माणसं बसत राहिली.

त्यातून धडा घेऊन लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली कोनी आयलंडवर 'स्विचबॅक रेल्वे' उभी केली. तिकीट पाच सेंट. वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपल्याकडचा सायकलवाला पेपर टाकताना सहज पुढे निघून जाईल. बाकावर आडवं बसायचं, समुद्र बघत दुसऱ्या टोकाला जायचं, तिथे उतरायचं. मग नोकर गाडी ढकलून वर चढवणार आणि शेजारच्या रुळावरून परत. थॉम्पसन म्हणे धार्मिक वृत्तीचा होता. लोकांनी दारूच्या गुत्त्यांत जाण्यापेक्षा मोकळ्या हवेत निर्मळ करमणूक करावी हा त्याचा हेतू असल्याचं सांगतात. लोकांनी दोन्ही केलं असणार :)

त्यानंतर मात्र वारं भरल्यासारखं झालं. ट्रॅम कंपन्यांना शनिवार-रविवारी गाड्या रिकाम्या धावतात ही चिंता होती. त्यांनी मार्गाच्या शेवटच्या टोकाला बागा आणि पाळणे उभे केले, म्हणजे सुट्टीच्या दिवशी लोक तिकीट काढून तिथवर जातील. गावोगाव रोलर कोस्टर झाले. १९१९ साली जॉन मिलर नावाच्या इंजिनिअरने एक साधी पण फार मोठी गोष्ट केली: रुळाच्या खालच्या बाजूनेही चाक बसवलं. त्यामुळे गाडी वर उडू पाहिली तरी रुळाला धरून राहते. तुम्ही उतारावर सीटवरून उचलले जाता आणि गाडी मात्र जात नाही, ती या चाकामुळे. म्हणजे 'आता आपण उडालो' ही भावना ज्याने दिली, त्यानेच उडणार नाही याचीही व्यवस्था केली.

या गाडीला इंजिन नसतं हेही मला वाचूनच कळलं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते, पुढे सगळं गुरुत्वाकर्षण. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच आणि पुढचे उतरत्या क्रमाने. एक तारखेला पगार झाला की तोच महिनाभर पुरवायचा, तसं! आणि चढताना जो 'टकटकटकटक' आवाज काळजात घुसतो ना, तो गाडी मागे सरकू नये म्हणून लावलेल्या खिट्टीचा असतो. म्हणजे ज्या आवाजाला आपण सगळ्यात जास्त घाबरतो तो खरं तर सुरक्षेचा आवाज आहे.

गाडी उलटी फिरवायचा प्रयत्नही फार जुना आहे. १८९५ साली कोनी आयलंडवरच 'फ्लिप फ्लॅप' आला. त्याचं वळण भूमितीतलं पूर्ण वर्तुळ होतं. सरळ रुळावरून एकदम वर्तुळात शिरलं की एका क्षणात सगळा भार मानेवर यायचा. लोक माना धरून उतरायचे. त्यामुळे तो फार काळ टिकला नाही. उत्तर सापडायला ऐंशी वर्षं लागली. जर्मनीच्या वेर्नर श्टेंगेल या इंजिनिअरने आणि अँटोन श्वार्झकोफ या कारखानदाराने १९७६ साली कॅलिफोर्नियात जो लूप उभा केला तो गोल नव्हता. खाली पसरट, वर अरुंद, पाण्याच्या थेंबासारखा. त्यात बाक हळूहळू वाढत जातो, म्हणून मानेला हिसका बसत नाही. रेल्वेचे रूळ किंवा हायवे वळणावर घेतानाही हेच तत्त्व वापरतात.

पण मधल्या काळात या खेळाचे दिवस वाईट आले होते. १९२९ नंतरची मंदी, मग महायुद्ध, मग घरोघरी मोटार आणि टीव्ही. लाकडी कोस्टर सडले, जळले, पाडले गेले. आमचा सायक्लोनही त्याच वाटेवर होता. २६ जून १९२७ ला सुरू झालेला, ८५ फूट उंच, रूळ लाकडाचे आणि सांगाडा पोलादाचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची जागा शहराच्या ताब्यात गेली. शेजारच्या मत्स्यालयाला वाढायला जागा हवी होती आणि सायक्लोन पाडायचं घाटत होतं. लोकांनी आरडाओरडा केला, 'सायक्लोन वाचवा' मोहीम काढली. शेवटी १९७५ साली शेजारच्याच अ‍ॅस्ट्रोलँड पार्कने तो भाड्याने घेऊन, डागडुजी करून पुन्हा सुरू केला. १९८८ साली न्यूयॉर्क शहराने त्याला वारसावास्तूचा दर्जा दिला. ज्या शहराला तो पाडायचा होता, त्याच शहराने! पुढे २००८ साली अ‍ॅस्ट्रोलँड बंद झालं, सायक्लोन मात्र उभाच राहिला.

त्याच्या जवळच १९२५ सालचा 'थंडरबोल्ट' होता. त्याच्याखाली चक्क एक राहतं घर होतं. वुडी अ‍ॅलनच्या 'अ‍ॅनी हॉल' सिनेमात ते दिसतं. त्याचं नशीब वेगळं. तो वर्षानुवर्षं बंद पडून राहिला आणि २००० साली शहराने पाडून टाकला.

का एक वाचला आणि एक गेला? मला वाटतं, आपलं म्हणणारी माणसं वेळेवर उभी राहिली की नाही, एवढाच फरक असतो. १९७८ साली अमेरिकेत रोलर कोस्टर शौकिनांची रीतसर संघटना स्थापन झाली. आदल्या वर्षी 'रोलरकोस्टर' नावाच्या सिनेमाच्या निमित्ताने व्हर्जिनियातल्या एका पार्कमध्ये सतत बसत राहण्याची स्पर्धा ठेवली होती. तिथे भेटलेल्या मंडळींमधून ती उभी राहिली. हे लोक आपण किती वेगवेगळ्या कोस्टरमध्ये बसलो त्याची वही ठेवतात. आधी मला हसू आलं, मग आठवलं की आपल्याकडेही सर केलेल्या किल्ल्यांची यादी ठेवणारे आहेतच. पेनसिल्व्हेनियातला १९०२ सालचा 'लीप द डिप्स' १९८५ ला बंद पडला होता. तो दुरुस्त होऊन १९९९ ला परत चालू झाला. पोरखेळ म्हणून सोडून दिला असता तर ते झालं नसतं. आमचं गोराईचं एसेल वर्ल्ड, १९८९ साली सुरू झालेलं, २०२२ मध्ये बंद झालं. बातमी वाचून मी "अरेरे" म्हटलं आणि भाजी फोडणीला टाकली. मग तक्रार कुणाकडे करणार?

असो. तर ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही सबवेने शेवटच्या स्टेशनवर उतरलो. नवरा म्हणाला, "मी पिशव्या सांभाळतो." आणि मला चर्रर्र झालं.

कारण १९९३ साली हेच वाक्य बाबा म्हणाले होते. दादा पळत पुढच्या डब्यात जाऊन बसला, मला मागची जागा मिळत होती. मी गाडीपर्यंत गेले, आणि बाजूच्या फाटकातून हळूच बाहेर पडले. जिन्याखाली उभी राहिले. गाडी थांबल्यावर उतरणाऱ्या लोकांत मिसळले. दादाला वाटलं मी मागे होते. सगळ्यांना तसंच वाटलं, आणि मी वाटू दिलं.

या वेळीही शेवटचाच डबा मिळाला. तो सगळ्यात वाईट, कारण पुढचे डबे शिखर ओलांडून गाडीला खाली खेचायला लागल्यावर तुमची पाळी येते. तुम्ही उताराच्या तोंडाशी पोचता तेव्हा गाडीने आधीच वेग घेतलेला असतो. हे सगळं मला माहीत होतं. खिट्टीचा आवाज सुरू झाला. मी लेकीला म्हटलं, "अगं, मी कधीच बसलेली नाहीये." ती म्हणाली, "काय?" आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मी ओरडले, लेक हसली, खांदा अजून दुखतोय.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, डोंबिवलीला फोन लावला आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. तिकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "मला माहीत होतं. तू जिन्याखाली होतीस तेव्हा तुझ्या चपला दिसत होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, त्या दिवशी तू इतकी खूश होतीस. आणि मी तरी कुठे बसलो होतो? पिशव्या मिळाल्या म्हणून सुटलो."

दादा, हे वाचशीलच. आता पुढच्या लग्नात काय सांगायचं ते तू ठरव.