सांध्यांची लवचीकता आणि उत्तरवयातील झीज : एका समजुतीचा इतिहास

ज्या माणसाचे सांधे सामान्य मर्यादेपलीकडे वळतात, त्याचे सांधे उत्तरवयात लवकर झिजतात, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकात रूढ झाली. ती कशी रूढ झाली व तिला पुढे मुरड का घालावी लागली, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१९६७ साली कर्क, अ‍ॅन्सेल व बायवॉटर्स ह्या इंग्लंडमधील वैद्यांनी, सांधे अतिलवचीक असलेल्या पण अन्य संधिरोग नसलेल्या रुग्णांच्या तक्रारींना ‘हायपरमोबिलिटी सिंड्रोम’ असे नाव दिले. अशा सांध्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज, अकाली जडत असावी, अशी शक्यताही त्यांनी सुचविली. तर्क असंभाव्य नव्हता. अस्थिबंध सैल असले, की सांध्यावरील भार विषम पडतो. परंतु ही माणसे दुखण्यामुळेच वैद्याकडे आलेली होती. ज्यांचे लवचीक सांधे कधी दुखलेच नाहीत, ती ह्या गणनेत येण्याचे कारण नव्हते. शिवाय शरीराच्या एका गुणाशी रोगवाचक पद जोडले गेल्याने गुण आणि रोग ह्यांतील भेद पुसट झाला.

१९७३ साली बायटन, सॉलोमन व सॉस्कोल्नी ह्यांनी दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना समाजाची पाहणी नऊ गुणांच्या मापनपद्धतीने केली. वयाबरोबर लवचीकता घटते, हे तीत स्पष्ट झाले. त्यानंतरचे निष्कर्ष परस्परांशी सहज जुळणारे नाहीत. आइसलँडमधील १९९६ च्या अभ्यासात अतिलवचीकतेचा संबंध अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या झिजेशी आढळला. उलट लंडनमधील चिंगफर्ड येथील स्त्रियांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लवचीक सांध्यांच्या स्त्रियांत गुडघ्याची झीज कमीच दिसली.

ह्यावरून लवचीकता गुडघ्याचे रक्षण करते, असे म्हणावे काय? तसे म्हणण्यापूर्वी एक अडचण ध्यानी घ्यावयास हवी. झिजलेला सांधा आखडतो. एखादी स्त्री तरुणपणी अतिलवचीक असली, तरी गुडघे झिजल्यावर साठाव्या वर्षी केलेल्या मोजमापात ती ताठ सांध्यांच्या वर्गात पडू शकते. मग कार्य कोणते आणि कारण कोणते, हे ठरविणार कसे?

ह्या संदर्भात हकीम व ग्रॅहम ह्यांची २००३ सालची पाच प्रश्नांची प्रश्नावली भाषेच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटेल. गुडघे न वाकविता तळहात जमिनीला टेकतात काय, एवढेच विचारून ती थांबत नाही. पूर्वी कधी टेकत होते काय, असेही विचारते. क्रियापदाच्या काळातील ह्या फरकामुळे मापपट्टीच्या आवाक्याबाहेरचे तारुण्य पुराव्यात येते. स्मृती हा साधार असला, तरी सदोष पुरावा आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

तात्पर्य, ‘लवचीक सांधे झिजतात’ हे विधान सरसकट करता येत नाही. कोणता सांधा, कोणत्या वयात मोजलेला आणि कोणत्या लोकसमूहातील, हे विचारल्याशिवाय ते कोणा वृद्धास त्याचे भवितव्य म्हणून सांगणे योग्य ठरणार नाही.