सांगड फुटली तर?

‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. नोकरीची आणि संसाराची सांगड घालतो, जुन्याची आणि नव्याची घालतो. पण सांगड म्हणजे मुळात काय, असे विचारले तर पुष्कळजण विचारात पडतात. सांगड हे नदी उतरण्याचे साधन आहे. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, किंवा वाळके भोपळे नाही तर ओंडके एकत्र जखडायचे, की झाली सांगड. इंग्रज ज्याला पाँटून म्हणतात, त्याची ही आपल्याकडची थोरली बहीण. या सांगडीच्या इतिहासातली एकच बाजू आज सांगणार आहे. ती मोडली, फुटली, तर माणसे काय करीत?

त्यासाठी आपल्याला पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात जावे लागेल. शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके. दोघांच्या मधून भीमा वाहते. रांजणगाव सांडसजवळ तिला मुळा-मुठेचे पाणी मिळते आणि पुढे घोड नदीही तिलाच येऊन मिळते. शिरूरला तर लोक अजून ‘घोडनदी’ म्हणतात. धरणे आणि पूल नव्हते तेव्हा उन्हाळ्यात या नद्या पायी ओलांडता येत. पण पाऊस लागला की उतार बंद. मग नावाडी म्हणेल ती पूर्व दिशा.

१८०३ साली याच मुलखातून एक मोठी फौज जाणार होती. वसईच्या तहानंतर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, एप्रिलमध्ये पुण्यात आला. मे महिन्यात दुसरा बाजीराव पुन्हा गादीवर बसला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध होणार, हे दिसू लागले होते. वेलस्लीचा हिशेब सरळ होता. मराठ्यांचे बळ घोडदळात. नद्या भरल्या की घोडदळ अडते. अशा वेळी ज्याच्याजवळ नद्या उतरण्याचे साधन असेल, त्याच्या हाती डाव. म्हणून दुसरा कोणी लष्करी हालचाली थांबवील अशा पावसाळ्यातच लढावे, असे त्याचे मत होते.

यासाठी त्याने मुंबईहून तरंगत्या पुलाचा सरंजाम मागवला. पाँटून आणि ते वाहून नेणारे गाडे. आता गंमत पाहा. हे पाँटून कुठल्या नदीत बुडाले नाहीत, की कुठल्या खडकावर आपटून फुटले नाहीत. ते नदीपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांचे गाडे पुण्याच्या वाटेवरच मोडले. मुंबईत बसून बांधलेल्या गाड्यांचा घाटाच्या आणि पावसाळी चिखलाच्या रस्त्यापुढे टिकाव लागला नाही. पाण्यावरच्या साधनाचा घात जमिनीवर झाला.

दुसरा एखादा सेनापती असता तर मुंबईकरांना लांबलचक पत्रे लिहीत बसला असता. वेलस्लीने दुसरा मार्ग धरला. म्हैसूर आणि धारवाडकडच्या मोहिमांत त्याने कानडी मुलखातले हरिगोल पाहिले होते. हरिगोल म्हणजे चामड्याने मढवलेली गोल टोपली. तशाच सुमारे दहा फूट व्यासाच्या टोपल्या त्याने तयार करवल्या. जूनमध्ये फौजेने पुणे सोडले, १२ ऑगस्टला अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला तिच्या हाती आला आणि त्याच महिन्यात भरलेली गोदावरी ती या टोपल्यांतून उतरली. पुढे २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली.

मला या हकिगतीत लढाईपेक्षा ती टोपली जास्त महत्त्वाची वाटते. पाँटून मोडला तर सुतार, लोहार, बेताचे लाकूड, लोखंड, सगळे मुंबईहून यायला हवे. टोपलीचे तसे नाही. बुरडाच्या आणि चर्मकाराच्या हाताला जे काम रोजचे, त्यातूनच ती तयार होते. कातडे फाटले तर ठिगळ लावा, काठी मोडली तर दुसरी विणा. जे साधन जिथे वापरायचे तिथेच दुरुस्त होते, तेच वेळेला उपयोगी पडते.

भोपळ्याच्या सांगडीतही हेच शहाणपण आहे. तिचा एखादा भोपळा फुटला तरी बाकीचे माणसाला वर धरतात. आजच्या लोखंडी पाँटूनच्या पोटात वेगवेगळे बंद कप्पे करतात, ते याच कारणाने. एका कप्प्यात पाणी शिरले तरी सगळा पाँटून तळाला जात नाही. मात्र एक अट आहे. फुटलेला भोपळा किंवा गळका कप्पा त्याच दिवशी बदलायला हवा. ‘अजून तरंगते आहे ना’, म्हणून तशीच चालवली, तर दुसरा फुटेल तेव्हा सावरायला काही उरत नाही.

युद्धानंतर शिरूरला इंग्रजांची छावणी वसली. वेलस्लीच्या हाताखाली लढलेला कर्नल वॉलेस १८०९ साली तिथेच वारला. गावकरी त्याच्या थडग्याला ‘सत्पुरुष’ म्हणून नवस बोलू लागले. दौंडचे दैव मात्र रेल्वेने पालटले. १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी गेली, १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला.

नावाही कायद्यात आल्या. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींचा कायदा झाला. १८७२ च्या करार कायद्याने आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना तिचे नुकसान झाले, तर पाहायचे एवढेच, की शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी घेतली होती का? घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याच्यावर जबाबदारी नाही. अपघात आणि हयगय यांच्यातली रेघ इतक्या साध्या शब्दांत आखलेली आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९८० साली उजनी धरण झाले आणि भीमेचे पाणी दौंड तालुक्यापर्यंत फुगले. उन्हाळ्यात जिथे पायउतार होता, तिथे आता बारमाही पाणी आहे. पैलतीर डोळ्यांसमोर दिसतो, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा. २१ मे २०२४ रोजी शेजारच्या इंदापूर तालुक्यात, कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सातांपैकी सहाजण गेले. एकाला तेवढा पोहून काठ गाठता आला.

दुसरीकडे, याच भीमेत बेकायदा वाळू उपसणाऱ्या यांत्रिक बोटी महसूल खाते सुरुंग लावून उडवते. म्हणजे बोटी शोधून काढणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. मग माणसे वाहणाऱ्या बोटीही तिने तितक्याच नेमाने तपासाव्यात. वळवाचे वारे सुटण्याआधी प्रत्येक उतारावरची बोट काठावर ओढून तिचा तळ पाहावा, किती माणसे बसतील ते तिच्यावर ठळक लिहावे, तरंगणारी जाकिटे मोजून घ्यावीत, आणि आभाळ भरून आले की बोट सोडू नये. यात खर्चाचे असे फार काही नाही. भोपळ्याची सांगड वापरणारे आपले पूर्वजही पाण्यात पाऊल टाकण्याआधी प्रत्येक भोपळा वाजवून पाहत असणार.