कुठला? कुणापैकी?

आपल्या भागात अनोळखी माणसाला दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'कुठला?' आणि लगेच त्याच्या मागनं दुसरा, 'कुणापैकी?' पहिला गावाचा, दुसरा जातीचा. माणूस 'कुठं आहे' म्हंजे काय, हे मला या दोन प्रश्नांत शोधायचंय.

कराडचं जुनं नाव करहाकड. दूर मध्य प्रदेशात भरहुतच्या बौद्ध स्तूपावर करहाकटच्या निगमाचं दान कोरलंय. रायगड जिल्ह्यात कुडा इथं एक लेणं करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानं दिलं. नाव, धंदा, गाव. कुणापैकी, ते लिहिलेलं नाही. तेव्हा जात नव्हती असं मी म्हणत नाही. दगडावर गाव पुरलं, एवढंच म्हणतो. तो माणूस परमुलखात गेला तरी कराड त्याच्यासंगं गेलं, मानानं गेलं.

त्याच कराड तालुक्यात मसूर स्टेशन. १९०१ साली लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीनं तिथं उतरले. वडील गोरेगावला रोखपाल. पोरांचं पत्र त्यांच्या हातात पडलंच नव्हतं, म्हणून न्यायला कुणी आलं नाही. पोरांचे कपडे चांगले. स्टेशनमास्तरनं मायेनं चौकशी केली. पोरांनी 'महार' सांगितलं, आणि त्याचा चेहरा पालटला. बैलगाडी मिळेना. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्याला तयार झाला. ते पण कसं, तर गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्र झाली तरी पोरांना पाणी मिळालं नाही.

आता बघा. फलाट तोच. पोरं एक पाऊल हलली नाहीत. पण एका शब्दासरशी ती फलाटावरनं गावकुसाबाहेर गेली. म्हंजे महारवाडा नुसता गावाबाहेरच्या जमिनीवर नव्हता, तो आगगाडीतनं अंगाबरोबर आला होता. बाकीच्यांना तिकिटावर दुसरी जागा मिळते. आपल्याला नुसतं अंतर मिळतं.

वतन म्हंजे मायदेश. आपल्याला मात्र महारवतन म्हंजे दावं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविषयी बिल आणलं, वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला. दावं तोडून मुंबईला गेले त्यांना गिरणीत सूतखातं मिळालं, कापडखातं नाही. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, आणि आपली थुंकी बाटते! मी गिरणीत पाळी करतो. खात्याखात्यात गावकूस कसं घालतात ते मला पुस्तकातनं शिकायला नको.

मग दुसरी जागा नसतेच काय? असते. बाबासाहेब लिहितात, युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत अस्पृश्यपणाची जाणीवच पुसली गेली होती. १९१७ साली बडोद्याला उतरले, आणि राहायचं कुठं हा सवाल उभा राहिला. या आठवणींना त्यांनी नाव दिलं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा परमुलखात लागतो. त्यांना तो घरातच लागला.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात त्यांनी लाखो माणसं जागची न हलवता हलवली. मसूरला एका शब्दानं बाहेर काढलं होतं, नागपुरात एका शब्दानं आत आणलं. उत्तर बदललं. पण विचारणारे तेच राहिले. आज 'बौद्ध' म्हटलं की विचारतात, 'म्हंजे पूर्वीचे कोण?'

तेव्हा 'कुठला?' विचारलं तर गाव सांगा, ताठ मानेनं सांगा. 'कुणापैकी?' विचारलं तर उत्तर देऊ नका. उलट विचारा, 'कशाला पायजे?' आणि तो बोलेपर्यंत तिथनं हलू नका.