वॉटसनचे हॉटेल : एक लोखंडी वास्तू आणि एक आख्यायिका

बीडच्या खजाना विहिरीचा इतिहास तिच्या भूमीतच शोधावा लागतो. मुंबईच्या काळा घोडा भागातील वॉटसनच्या हॉटेलाचा इतिहास मात्र इंग्लंडातील ओतशाळेपासून सुरू होतो. सर बार्टल फ्रियर याच्या कारकीर्दीत (1862–1867) मुंबईच्या किल्ल्याचा कोट पाडण्यात आला आणि एस्प्लनेडच्या मैदानालगत नव्या इमारतींस जागा मिळाली. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने तेथे उभारलेल्या वास्तूचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने केला. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या उभारणीशीही त्याचा संबंध होता. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजाने आणला व येथे जोडला. 1871 साली हे हॉटेल खुले झाले. निवास, भोजन, नृत्य व मद्यपान यांची तेथील सोय केवळ युरोपीयांसाठी होती.

जमशेटजी टाटा यांस येथे प्रवेश नाकारला गेला व त्या अपमानातून 1903 साली ताजमहाल हॉटेल उभे राहिले, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. इतिहासकारांनी तिजविषयी शंका घेतली आहे. परंतु ती खरी की खोटी, हा प्रश्न आमच्या मते गौण होय. एका धनाढ्य गृहस्थाच्या अपमानावर लक्ष खिळले की, ज्या नियमाने सर्वच एतद्देशीय बाहेर राहिले तो नियम दृष्टीआड होतो.

या नियमाचा अर्थ दुसऱ्या एका घटनेवरून अधिक स्पष्ट होतो. 7 जुलै 1896 रोजी ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम याच हॉटेलात दाखविण्यात आली; प्रवेशमूल्य एक रुपया होते. 14 जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात सुरू झाले. तेथे चार आण्यांचीही जागा होती आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. चित्रपटास भारतीय प्रेक्षक लाभला तो हॉटेलाबाहेर पडल्यावरच.

पुढे हॉटेल बंद पडले, दालनांचे लहान लहान गाळे झाले आणि वास्तू ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. वारसा यादीत समावेश होऊनही तिची दुरवस्था टळली नाही. 2005 साली तिचा काही भाग कोसळला. 2019 साली ती पाडावी की सावरावी, हा वाद उच्च न्यायालयापुढे आला. ती जतन करण्याच्या बाजूने पुष्कळदा आख्यायिकाच पुढे केली जाते. वस्तुतः तिचे लोखंड आणि तिचे बंद द्वार, हे दोन पुरावे त्याहून भक्कम आहेत.